चौथ्या रकान्यातलं नाव

कळंब
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

राजेश्वरी,

डिसेंबरात पाठवलेली दोन्ही पत्रं परत आली. दोन्हींवर पोस्टमननं निळ्या पेनानं ‘घेण्यास नकार’ असं लिहिलेलं होतं. म्हणून या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी शेजारच्या धुरपदाबाईंचं नाव घातलंय. त्यांना विचारून घातलंय. पत्ताही त्यांच्या नातीकडून लिहून घेतला, कारण माझं अक्षर तू दुरून ओळखतेस. ही फसवणूक आहे, मान्य. पण पत्र फाडण्याआधी कामाचं तेवढं वाच.

तेजोवेध निवासी कॉलेजच्या संस्थेकडून मला पत्र आलंय. फरहाना मॅडमच्या चौकशीची अंतिम सुनावणी सोमवार, २३ मार्च, सकाळी अकरा वाजता धाराशिवच्या कार्यालयात आहे. तक्रारदार म्हणून तुला बोलावलंय, साक्षीदार म्हणून मला. तुमच्या वसतिगृहाच्या रेक्टर म्हणून मॅडमनी अकरा वर्षं काढली. गेल्या जुलैपासून त्या निलंबित आहेत. त्या दिवशी दोष सिद्ध झाला तर त्यांची नोकरी कायमची जाईल आणि मुलींच्या कुठल्याही वसतिगृहात त्यांना पुन्हा कुणी उभं करणार नाही.

सोबत तुझ्या तक्रारीची प्रतही पाठवलीय त्यांनी. मी ती चार वेळा वाचली. भाषा चांगली आहे, शुद्धलेखनही. एक चूक आहे. तू लिहिलंस, ‘आजारी असताना माझ्या आईने मार्च महिन्यात तीन वेळा वसतिगृहात फोन करून मला बोलवायला सांगितले, परंतु रेक्टरांनी तो निरोप माझ्यापर्यंत पोचू दिला नाही.’ फोन मार्चात दोन झाले, बावीस आणि तीस तारखेला. तिसरा एप्रिलात, सहा तारखेला, रविवारी. सरकारी वा संस्थेच्या कागदावर तारीख चुकली की सगळाच कागद लुळा पडतो.

पण मुळात माझं म्हणणं असं की तू ही तक्रार मागं घे. तुझी एमबीबीएसची पहिल्या वर्षाची अंतर्गत परीक्षा तोंडावर आहे. अकोल्याहून धाराशिवला येण्याजाण्यात दोन दिवस मोडतील. आणि मॅडम वाईट बाई नाहीत. पंधरा मुलींना एका रात्रीत ताप आला तेव्हा त्यांनी एकटीनं कसं निभावलं, ते तूच मला फोनवर सांगितलं होतंस.

माझ्यावरचा राग वेगळा ठेव. आई नऊ एप्रिलला गेली आणि मी तुला चार मे रोजी परीक्षा संपल्यावर, गाडीत बसवून, सांगितलं. पंचवीस दिवस लपवलं. दर रविवारी फोनवर ‘आई मामाकडं सोनारीला गेलीय’ म्हणत राहिलो. ते मी केलं. ते मी कधी नाकारलेलं नाही. पण त्या रागापायी दुसऱ्याचं नुकसान होऊ नये, इतकंच.

बब्रुवान


कळंब
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

राजेश्वरी,

रजिस्टरची पोचपावती आली. तुझी सही बदललीय. पूर्वी ‘री’ला वेलांटी लांब काढायचीस.

मंगळवारी फरहाना मॅडम दुकानात आल्या होत्या. नळदुर्गहून निघून एसटीनं दोन गाड्या बदलून, दुपारी पावणेदोनला पोचल्या. मी आडसूळांच्या पंपाची पाच एचपीची जळालेली मोटार उघडून बसलो होतो. जुनी तार काढताना मी वेढे मोजतो, मधे बोलत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांनाही कुणी सांगितलं असावं. त्या बाकड्यावर बसून राहिल्या. एकशे बारा झाले तेव्हा मी मान वर केली.

“झालं मोजून?” त्यांनी विचारलं.

“एका खाचेचं झालं.”

“तुमचं बरं आहे भाऊ. तारेला तरी सगळं आठवतं.”

मी चहा सांगितला. त्यांनी घेतला नाही, रोजा आहे का विचारलं तर म्हणाल्या, “रोजे सुरू व्हायला आठवडा आहे. माझी इच्छा नाही म्हणून घेत नाही.” पूर्वी त्या अशा तोडून बोलत नसत. बऱ्याच वाळल्यात. सध्या नळदुर्गला भावाकडं राहतात आणि भावाच्या मुलांना शिकवतात. बाहेरच्या पोरी शिकवणीला येत होत्या, त्यांच्या आयांनी बंद केलं. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा त्यांचं नाव नव्हतं, पण गावात कळायला नाव लागत नाही.

त्यांचं म्हणणं लांबलचक होतं. सारांश असा की चौकशीत त्यांनी सांगितलंय, ‘मी नियमाप्रमाणे केलं.’ समितीनं नियम कुठं लिहिलाय म्हणून विचारलं, तर त्यांच्याकडं दाखवायला काही नाही. मूल कॉलेज सोडताना त्याची वैयक्तिक फाइल पालकांना समारंभानं देऊन टाकायची, ही तेजोवेधची पद्धत. प्रत ठेवत नाहीत. त्यांना वाटतं, तुझ्या फाइलीतलं एखादं पान माझ्याकडं राहिलं असावं.

मी सांगितलं, फाइल मुलीकडं आहे.

“राजेश्वरीकडच्या फाइलीत बाविसाव्या पानानंतर चोविसावं आहे,” त्या म्हणाल्या. “चौकशीत मी स्वतः पाहिलं. मुलीला कळलंसुद्धा नाही. इतक्या सफाईनं काढलंय की शिवण हललेली नाही. असं काम हात बसलेल्या माणसाचंच, भाऊ.”

मी म्हणालो, “मॅडम, तुम्ही माझ्या दुकानात बसून माझ्यावर आळ घेताय.”

“आळ नाही. तारीफ करतेय.”

उठताना त्या म्हणाल्या, “ऑगस्टात समितीनं नियमाचं विचारलं तेव्हा तुम्ही ‘स्मरणात नाही’ म्हणालात. मी तिथंच हसले. मेंबर लोकांना वाटलं बाई उद्धट आहे. त्यांना काय सांगू, ज्या माणसाला मुलीच्या सातवीतल्या सराव परीक्षेचे मार्क आठवतात त्याच्या स्मरणात नाही!”

हे सगळं तुला कळवतो कारण त्या तुझ्याकडंही येतील, आणि तेव्हा तुला अचानक वाटू नये. मागच्या पत्रात लिहिलंय ते पुन्हा लिहितो: तक्रार मागं घेतलीस तर सगळ्यांचं बरं होईल.

त्या गेल्यावर मला एकशे बारा पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.

बब्रुवान


कळंब
सोमवार, २ मार्च २०२६

राजेश्वरी,

तुझं कार्ड मिळालं. नऊ महिन्यांत पहिलं. त्यावर मायना नाही, सही नाही, दोन ओळी: ‘मार्चात दोन आणि एप्रिलात एक, हे तुम्हाला कसं माहीत? धुरपदाआजींचा तो फोन जूनमध्येच पाण्यात पडून गेला.’

वाचलं आणि पहिल्यांदा, खरं सांगतो, मला बरं वाटलं. चूक अशीच पकडायची असते. मग ती चूक माझी आहे हे ध्यानात आलं.

गेल्या जूनमधली ती सकाळ मला आठवते. धुरपदाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या आणि तुला म्हणाल्या, “तुझी आय माझ्या फोनवरनं तीनदा बोलली गं तुझ्या हॉस्टेलात. येक डाव पोरीला धाडा म्हनून रडली. तू कशी आली न्हाईस?” तू वळून मला विचारलंस, “पप्पा, तुम्हाला माहीत होतं?” मी नळाला पाइप जोडत होतो. म्हणालो, “मला काय ठाऊक, हॉस्टेलवाल्यांचं.” त्याच संध्याकाळी तू तक्रार लिहायला बसलीस. मी तुला कोरे कागद आणून दिले.

मला माहीत होतं.

आता जे लिहितो ते नीट क्रमानं लिहितो, नाहीतर माझं मलाच कळणार नाही.

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. मोटारीचं काम कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो, इंग्रजी कॅटलॉग डिक्शनरी घेऊन वाचले. त्यामुळं पदव्यावाल्या लोकांचं मला सहसा पटत नाही. पण तुला अकरावीत घालताना तेजोवेधचे संचालक रणधीर सर तासभर बोलले ते पटलं. बाकी सगळीकडं साठ पोरांना एकच फळा. इथं प्रत्येकाचं वेगळं. शेवटी काय साधायचं ते आधी लिहायचं, तिथून मागं मागं येत आजच्या दिवसाचं काम ठरवायचं, आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची द्यायची नाही. मी मनात म्हणालो, हा माणूस मोटार बांधतोय. मीही एकीचं माप दुसरीला लावत नाही.

दर महिन्याला तुझं वैयक्तिक पत्रक भरायला मी जायचो. एक मीटिंग चुकवली नाही. इतर पालक सही करून समोसा खायला पळायचे, मी शेवटपर्यंत बसायचो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तू जीवशास्त्राच्या अडतीस पायऱ्यांपैकी एकतिसावर होतीस. भौतिकशास्त्रात मागं होतीस, सत्तावीसपैकी एकोणीस. पत्रकात एक ओळ विद्यार्थ्यानं स्वतः लिहायची असते, ‘माझं उद्दिष्ट’. तू पेन्सिलीनं लिहिलं होतंस, ‘रविवारी आईशी पोटभर बोलायचं.’

रणधीर सर हसून म्हणाले, “बब्रुवानराव, हे मोजायचं कसं?”

मी खोडरबरानं पुसलं आणि लिहिलं, ‘रविवारी दोन जादा सराव प्रश्नपत्रिका.’ तुला विचारलं नाही. तू त्या वेळी प्रयोगशाळेत होतीस. तुला वाटलं असेल सरांनी बदललं. ते अक्षर माझं होतं, तू बारकाईनं पाहिलं नसशील.

त्याच दिवशी, १६ फेब्रुवारी २०२५, त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला मी आणखी काही लिहिलं. आईचा आजार जानेवारीत बार्शीच्या दवाखान्यात कळला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, चार महिने, फार तर पाच. परीक्षा किती दिवसांवर आहे ते मी तिथंच उभ्या उभ्या मोजलं.

काय लिहिलं ते आज लिहीत नाही. ते पान आता सापडत नाही.

बब्रुवान


कळंब
रविवार, १५ मार्च २०२६

राजेश्वरी,

पान सापडत नाही, हे खोटं आहे. ते दुकानातल्या लोखंडी कपाटात, वाइंडिंगच्या वहीत, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. सहा मे रोजी, फाइल तुझ्या हातात देण्याआधी, स्टीलची पट्टी लावून नव्या पात्यानं मीच ते काढलं. जाळायचं म्हणून काढलं होतं. जाळता आलं नाही. माझ्या हातचा इतका चांगला कागद मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही.

आता समोर ठेवून जसंच्या तसं उतरवतो. चार रकाने आहेत.

अडथळा: विद्यार्थिनीची आई गंभीर आजारी आहे.

उपाय: आजाराची कोणतीही बातमी, तसेच घरून येणारा कोणाचाही फोन, आईचा स्वतःचा धरून, विद्यार्थिनीपर्यंत पोचू देऊ नये. अपवाद फक्त वडील.

मुदत: दि. ४ मे २०२५, सायंकाळी ५ वाजेपर्यंत.

जबाबदार व्यक्ती: रेक्टर फरहाना शेख.

चौथा रकाना कॉलेजनं भरायचा असतो. मी भरला. मोकळा दिसला म्हणून भरला. काम कुणाचं ते नाव घालून लिहिलं नाही तर होत नाही, असा माझा अनुभव. मॅडम टेबलापलीकडं होत्या. त्यांनी वाचलं आणि ‘आईचा स्वतःचा धरून’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“हे पण?”

“तेच मुख्य आहे,” मी म्हणालो. “बाकीचे फोन तुम्ही असेही अडवाल. आई रडली की तुमचं मन विरघळेल.”

रणधीर सरांनी पत्रक हातात घेतलं, विद्यार्थिनीचं नाव झाकलं आणि हॉलमध्ये बसलेल्या पालकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, “असं लिहा! अडथळा, उपाय, मुदत, माणूस. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.” पालकांनी टाळ्या वाजवल्या. राजी, लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा तुझी आई घरी पातळ केलेला भात तिसऱ्यांदा ओकत होती, हे मला ठाऊक होतं. आणि तरी मला टाळ्या आवडल्या.

आता फोनचं.

बावीस मार्चला आईनं धुरपदाबाईंच्या फोनवरून वसतिगृहात फोन लावला. माझा फोन मी खिशात ठेवायचो. अर्ध्या तासानं मॅडमचा मला फोन, “भाऊ, दोन मिनिटं बोलू देऊ का?” मी म्हणालो, “पत्रकात काय आहे?” त्या म्हणाल्या, “पत्रकात ‘नाही’ असं आहे.” मी म्हणालो, “मग झालं.”

तीस मार्चला तेच. त्या दिवशी पाडवा होता. आईनं गाठी बांधून ठेवली होती तुझ्यासाठी, कुणीतरी तुमच्या कॉलेजकडं जाणारं मिळेल म्हणून.

सहा एप्रिलला मॅडम वेगळ्या आवाजात बोलल्या. म्हणाल्या, “भाऊ, आता त्यांना बोलताना फार दम लागतो. मी ऐकलं. मी स्वतः राजेश्वरीला गाडीत घालून आणते. सकाळी निघून संध्याकाळी परत. पुस्तक सोबत घेऊ. सरांना मी सांगते.” मी म्हणालो, “पत्रक बदलायचं तर पालकाला येऊन सही करावी लागते, हा तुमचाच नियम ना?” “हो.” “मग मी येत नाही.” त्या म्हणाल्या, “अल्ला तुम्हाला समज देवो,” आणि फोन ठेवला. मला राग आला. एका रेक्टर बाईनं मला समज द्यावी! बावीस वर्षं मी एकही मोटार परत येऊ दिलेली नाही.

तीन दिवसांनी आई गेली.

तुला चांगले मार्क पडले. सरकारी कॉलेज मिळालं. जे साधायचं ठरलं होतं ते साधलं. मी पुष्कळदा स्वतःला हे सांगितलं, मोठ्यानंसुद्धा, दुकान बंद करून. दोन आठवडे पटायचं. पुढं पटेना.

कागद हाती नसताना मॅडमनी चौकशीत माझं नाव घेतलं नाही, आणि रणधीर सरही ‘आठवत नाही’ म्हणाले. तू विचारशील, मग मी का नाही सांगितलं. कारण तू माझ्याशी बोलत नव्हतीस तरी माझ्यावरचा तुझा राग एकाच गोष्टीचा होता, बातमी लपवल्याचा. तेवढा राग एखादी मुलगी वर्षा-दोन वर्षांत विसरते, असा माझा अंदाज होता. ही दुसरी गोष्ट कळली तर विसरणार नाहीस, हेही कळत होतं. मधे मॅडम सापडल्या. तुझा अर्धा राग त्या उचलत होत्या. मी उचलू दिला.

तेवीस तारखेला पान घेऊन मी येतो. तू तक्रार मागं घेऊ नकोस. मागं घेतलीस तर मॅडम संशयातच राहतील. तू ये आणि अक्षर ओळख.

बब्रुवान


कळंब
मंगळवार, २४ मार्च २०२६

राजेश्वरी,

कालचं सगळं तुझ्यासमोरच झालं. तरी काही भाग तू बाहेर गेल्यावरचा आहे, तो तुला कळलेला नसणार. मॅडमच्या बाबतीतला आहे म्हणून कळवतो.

समितीचे अध्यक्ष हिंमतराव वकिलांनी तुला पान देऊन विचारलं, “अक्षर कुणाचं?” तू पान शेवटापासून सुरुवातीपर्यंत वाचलंस. चौथ्या रकान्यापाशी सुरुवात केलीस आणि पहिल्यापाशी संपवलंस. मग म्हणालीस, “माझ्या वडिलांचं.” तू पान त्यांच्याकडं परत दिलंस आणि मागच्या खुर्चीवर मॅडमशेजारी जाऊन बसलीस. त्या म्हणाल्या ते मी ऐकलं. तू ‘मॅडम, माझं चुकलं’ म्हणालीस आणि त्या म्हणाल्या, “तुझं नाही बेटा. माझंच. कागद होता म्हणून काय झालं. मी त्याला भ्यायला नको होतं.” मग तुम्ही दोघी पाणी प्यायला बाहेर गेलात.

त्यानंतरचं असं. समितीनं मॅडमना दोषमुक्त केलं. पाच मिनिटं लागली. मी विचारलं, नोकरी? हिंमतराव म्हणाले, तो संस्थेचा विषय. रणधीर सर म्हणाले, “ती जागा ऑगस्टातच भरली आहे. पुढं गरज पडली तर मॅडमचा विचार नक्की करू.” मी म्हणालो, “निर्दोष असेल तर माणूस परत घ्यायला नको का?” ते म्हणाले, “बब्रुवानराव, त्यांच्यावर ठपका नाही, हेच त्यांचं साधलं.”

पुढं ते मला हाताला धरून जिन्यापर्यंत घेऊन आले. खूश होते. म्हणाले, या पानानं आमच्या पद्धतीवरचा डाग गेला. पत्रक होतं, पालकाची सही होती, तंतोतंत पाळलं गेलं, निकालही लागला. म्हणाले, “जूनमध्ये नव्या बॅचच्या पालकांपुढं एकदा बोला. तुमच्यासारखे पालक मिळत नाहीत.”

तिथंच त्यांना नाही म्हणायला हवं होतं. जिना उतरताना पायऱ्या मोजत होतो आणि किती झाल्या त्याचा हिशेब लागला नाही.

खाली मॅडम एकट्या उभ्या होत्या, तू रिक्षा बघायला गेली होतीस. मी म्हणालो, “मॅडम, तुमच्यावर डाग राहिला नाही.” त्या म्हणाल्या, “भाऊ, भावाच्या गल्लीतल्या बाया मला बघून मुलींना आत बोलावतात. त्यांच्या घरोघरी जाऊन कुठलं पान दाखवू?” मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकली. दिली असं म्हणाल्या नाहीत.

मग तू आलीस, आणि मला जे बोललीस ते मी बसस्थानकावर लगेच तिकिटामागं लिहून घेतलं, शब्द बदलू नये म्हणून. ‘शेवटच्या दिवशी आई काय काय बोलली? तेवढंच लिहून पाठवा. तुमचं काही नको. का केलं ते नको, कसं केलं ते नको. फक्त तिचं बोलणं.’ मी म्हणालो, पाठवतो. तू म्हणालीस, “त्यानंतर पत्र पाठवू नका.”

आज लगेच लिहायला बसलो होतो. मधे मधे माझंच येत राहिलं. चार कागद फाडले. थोडे दिवस लागतील.

बब्रुवान


गुरुवार, ९ एप्रिल २०२६

बुधवार, ९ एप्रिल २०२५. घरी. आईच्या औषधांच्या वेळा लिहायच्या वहीत त्या दिवशी मी तिचं बोलणंही टिपत होतो, म्हणून वेळा खात्रीच्या आहेत. शेवटची ओळ दुपारी चार वाजून दहा मिनिटांची. त्यानंतर ती बोलली नाही. माझी एक ओळ ठेवावी लागली, ती वगळली तर तिची शेवटची ओळ कळत नाही.

७.१०
“पानी द्या. थोडंच.”

७.४०
“आज कोन वार हाय?”
“बुधवारी त्यांच्या हॉस्टेलात वांगं असतंय. ती खात न्हाय. नुसती चटनी-भाकर खाऊन बसंल.”

९.०५
“आता लिवनं बंद करा की ओ. हात दुखंल.”

९.२०
“तुमी जेवलाव का?”

११.३०
“माझी हिरवी साडी तिला दिऊ नका, रंग जातोय तिचा. निळी द्या. निळीत उजळ दिसती.”

१२.१५
“तिला म्हनावं, म्या तीन डाव फोन लावला व्हता. इसरले न्हाय म्हनावं.”

१२.२०
“त्या बाईला बोलू नका. चांगली हाय. ती बी रडत व्हती फोनवर.”

२.५०
“जायाला का मला इतका वखत लागतोय हो. मधी पोरीची परीक्षा हाय.”

४.०५
“गाडी थांबली का? राजी आली वाटतं.”

मी: “व्हय. आलीय. हातपाय धुतीय.”

४.१०
“मग दार लोटू नका.”